दाणे वाढले, पण खळ्यावर किती आले?

प्रश्न असा आहे: "मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी मंगळवेढ्याकडे कोरडवाहू शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी असते. जनुकांचं नियमन बदलून भाताचं उत्पादन चाळीस-साठ टक्क्यांनी वाढवल्याच्या बातम्या वाचतो. एवढी वाढ खरी असते का? नियमन बदलतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि आमच्या ज्वारीला याचा काही उपयोग आहे, की हे भात-मक्यापुरतंच?"

ज्वारीचा प्रश्न शेवटी घेतो, कारण तो मला सगळ्यात जवळचा आहे आणि बाकीच्या दोन प्रश्नांशिवाय त्याचं उत्तर नीट देता येत नाही. मी तीस वर्षं वाण-पैदाशीच्या कामात आहे, आधी भात आणि मग ज्वारी. जे पुढे लिहितो आहे त्यातलं बरंचसं वाफ्यात उभं राहून कळलेलं आहे.

नियमन म्हणजे काय ते आधी. भाताच्या मुळात, पानात आणि दाण्यात जनुकं तीच असतात. मूळ मूळ होतं आणि दाणा दाणा होतो, तो त्यांतली कोणती जनुकं कुठे, केव्हा आणि किती काम करतात यावरून. जनुकाचा एक भाग प्रथिन कसं बनवायचं ते सांगतो. त्याच्या अलीकडे एक पट्टा असतो, त्याला प्रमोटर म्हणतात. दुसरी काही प्रथिनं तिथे येऊन बसतात आणि ते जनुक चालू करतात, मंद करतात किंवा गप्प ठेवतात. काही वेळा हा ताबा ठेवणारा पट्टा जनुकापासून डीएनएची हजारो अक्षरं लांब असतो. शिवाय जनुकाची प्रत निघाल्यावर तिला वाटेतच गाठून तोडणारे सूक्ष्म आरएनए असतात. म्हणजे एकाच जनुकावर अनेकांचा हात असतो. नियमन बदलायचं म्हणजे यांतला एखादा हात सैल करायचा किंवा घट्ट करायचा. बाहेरून नवीन जनुक आणून घालायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

हे काम माणसाने प्रयोगशाळेत सुरू केलं असं समजू नका. मक्याचा रानटी पूर्वज टिओसिंटे हे बुंध्यापासून फांद्याच फांद्या असलेलं गवत आहे. मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी लोकांनी त्याचा मका केला, एक सरळ ताट आणि त्यावर मोजकी मोठी कणसं. या बदलात मोठा वाटा टीबी१ या जनुकाचा आहे. हे जनुक बाजूच्या फांद्या दाबून ठेवतं. २०११ साली जॉन डोबली यांच्या गटाने दाखवलं, की मक्यात या जनुकाच्या सुमारे साठ हजार अक्षरं आधी हॉपस्कॉच नावाचा एक जागा बदलणारा डीएनएचा तुकडा येऊन बसलेला आहे आणि त्यामुळे टीबी१ साधारण दुप्पट जोराने काम करतं. झाडाचा सगळा बांधा बदलला तो एका जनुकाचा जोर दुप्पट झाल्याने. तो तुकडा तिथे माणसाने बसवला नव्हता. रानात कुठेतरी तो आधीच होता, शेतकऱ्यांनी त्याची झाडं बियाण्याला राखली.

आपल्याकडेही हेच घडत आलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या पटेल-३ भातात वेगळ्या दिसणाऱ्या मोजक्या लोंब्या हेरल्या आणि त्यांतून एचएमटी भात निघाला. त्या लोंब्यांत आत काय बदललं होतं हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. डोळ्याने मात्र त्यांनी तेच टिपलं, जे आज आम्ही यंत्रं घेऊन शोधतो.

हरितक्रांतीचे गहूही याच जातीचे. त्यांचं ठेंगणेपण सगळ्यांना माहीत असतं, ते नोरिन-१० या जपानी गव्हातून आलं. पण ते गहू मेक्सिकोतून भारतात येऊन इथे वेळेवर निसवले कसे, हा प्रश्न फार थोडे विचारतात. नॉर्मन बोरलॉग वर्षाला दोन पिढ्या घेत, एक टोलुकाच्या थंड पठारावर आणि एक सोनोरातल्या ओब्रेगॉनच्या सपाट उन्हाळी प्रदेशात. दोन्हीकडे टिकली ती झाडं दिवस लहान की मोठा हे न पाहता फुलणारी होती. पुढे कळलं, की अशा गव्हांत पीपीडी-डी१ या जनुकाच्या अलीकडचा सुमारे दोन हजार अक्षरांचा पट्टाच गळालेला आहे. जनुक शाबूत, त्याचा लगाम गेलेला. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, ते इथे रुजलं त्यात या गळालेल्या पट्ट्याचा मोठा भाग आहे.

आता दाण्यांकडे येऊ, कारण बातम्या दाण्यांच्या असतात.

भाताची एक लोंबी हातात घ्या. मधल्या दांड्यावर मुख्य शाखा, त्यांवर उपशाखा आणि उपशाखांवर दाणे. एका लोंबीत किती दाणे येणार हे आपण पाहतो कापणीला, पण ते ठरतं लोंबी पोटरीत दिसायच्याही आधी, ती बुंध्याजवळ पानांच्या पोटात जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची असताना. ब्लेडने खोड उभं चिरून भिंगाखाली धरलं तर काचेसारखा एक पांढरा कोंब दिसतो, त्यावर बारीक फुगवटे. प्रत्येक फुगवटा एक शाखा. त्या दिवसांत तिथे सायटोकायनिन हे संप्रेरक मुबलक असेल तर कोंबाचं टोक जास्त काळ फुगवटे टाकत राहतं. ते संपलं की टोक थांबतं. आणि ते संपवायचं काम सीकेएक्स२ या जनुकातून तयार होणारं विकर करतं.

जपानच्या मोतोयुकी अशिकारी यांच्या गटाने २००५ साली हे उलगडलं. कोशिहिकारी हा तिथला नावाजलेला भात आणि हबाताकी हा भरघोस दाण्यांचा. दोघांमधल्या दाण्यांच्या फरकाचा एक मोठा हिस्सा जीएन१ए या जागेवर होता आणि ती जागा म्हणजे सीकेएक्स२. हबाताकीत ते मंद चालतं, म्हणून सायटोकायनिन साठतं, म्हणून शाखा आणि दाणे जास्त. मंद केल्याने जास्त मिळतं, ही गोष्ट मला त्या वेळी फार आवडली होती. आजही आवडते.

पण त्याच सुमारास माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात आहे. माझ्याकडे भाताची एक लाइन, म्हणजे वाण होण्याच्या वाटेवरचा एक वंश, आली होती, लोंबी अशी की पाहणारा थबकायचा. मी दहा झाडं उपटली, प्रत्येकाची मोठी लोंबी घेतली आणि टेबलावर पांढऱ्या कापडावर दाणे सोडवून मोजले. तुल्य वाणाच्या, म्हणजे तुलनेसाठी शेजारी लावलेल्या वाणाच्या, दीडपटीहून जास्त भरले. मी वरिष्ठांना तसा अहवाल दिला, पुढच्या हंगामात मोठे वाफे लावायला लावले. कापणी झाली, झोडणी झाली, वजन काट्यावर ठेवलं. तुल्य वाणाच्या पुढे ती लाइन जेमतेम होती. दोन वाफ्यांत तर मागे पडली होती.

मग मागे जाऊन पाहिलं तेव्हा तीन गोष्टी कळल्या. एक, तिला फुटवे कमी होते, म्हणजे लोंबी मोठी पण चौरस मीटरमागे लोंब्या थोड्या. दोन, वरच्या शाखांवरचे दाणे छान भरले होते, पण खालच्या उपशाखांवरचे दाबून पाहिले की बोटात नुसती फोलं यायची. मी मोजताना पोचट आणि भरीव वेगळे केलेच नव्हते. तिसरी गोष्ट सगळ्यात लाजिरवाणी: मी उपटलेली झाडं वाफ्याच्या कडेच्या ओळीतली होती. कडेच्या झाडाला एका बाजूने मोकळं ऊन आणि मोकळं खत मिळतं, ते नेहमीच आतल्या झाडापेक्षा सरस दिसतं. चालायला सोपं म्हणून मी कडेनेच गेलो होतो.

हेक्टरी उत्पादन म्हणजे चौरस मीटरमधल्या लोंब्या, लोंबीमागे भरलेले दाणे आणि हजार दाण्यांचं वजन यांचा गुणाकार. हे तुम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं असेल. त्यात न लिहिलेली गोष्ट अशी, की हे तिन्ही आकडे एकाच पोत्यातून खातात. पानांनी तयार केलेली साखर तेवढीच असेल तर दाणे वाढवले की प्रत्येक दाणा हलका होतो किंवा फुटवे घटतात. एका जनुकाने एक आकडा वाढतो, आणि झाड दुसऱ्या आकड्यातून तो वसूल करतं.

म्हणून नियमनाचं खरं कसब जनुक बंद करण्यात नाही, ते नेमकं किती आणि कुठे मंद करायचं यात आहे. भातातलं आयपीए१ हे जनुक घ्या. त्याच्या प्रतीला एमआयआर१५६ नावाचा सूक्ष्म आरएनए तोडत असतो. २०१० साली चीन आणि जपानमधल्या दोन गटांनी जवळपास एकाच वेळी दाखवलं, की तोडायच्या जागेवरचं एक अक्षर बदललं तर एमआयआर१५६ला ती जागा नीट सापडत नाही, आयपीए१ जास्त साठतं आणि झाड वेगळंच होतं: बुंधा जाड, वांझ फुटवे कमी, लोंबी मोठी. पैदासकारांच्या मनातलं आदर्श झाड म्हणतात तसं. पण प्रमाण आणखी वाढलं की फुटवे इतके घटतात की सगळा फायदा बुडतो. त्याचं प्रमाण मधल्या एका टप्प्यात असेल तरच शेताला लाभ.

या पेचातून वाट निघाली २०२२ साली. चीनमधल्या चियायांग ली यांच्या गटाने आयपीए१च्या आसपासच्या नियंत्रक पट्ट्यात क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राने तुकड्यातुकड्याने कापण्या केल्या, इथून थोडं, तिथून थोडं, आणि प्रत्येक कापणीचं झाड वाढवून पाहिलं. त्यांत ५४ अक्षरांची एक कापणी अशी निघाली की लोंब्यांची संख्याही वाढली आणि लोंबीतले दाणेही. एरवी एकमेकांच्या उरावर बसलेले हे दोन गुण त्या कापणीने वेगळे झाले, कारण त्या पट्ट्यामुळे जनुकाचा जोर झाडाच्या सगळ्या भागांत सारखा बदलत नव्हता. मी हे वाचलं तेव्हा तो जुना पांढऱ्या कापडावरचा ढीग डोळ्यांपुढे आला. माझ्या लाइनमध्ये दाण्यांसाठी फुटवे गेले होते. इथे प्रथिनाला हात न लावता तो सौदा मोडला होता.

मक्यातही असंच. सीएलई गटातली जनुकं कणसाच्या कोंबाला आवरून धरतात. ती पूर्ण निकामी केली तर कणीस चपटं आणि वेडंवाकडं होतं, ओळी विस्कटतात. २०२१ साली त्यांच्या प्रमोटरमध्ये थोडी थोडी काटछाट करून पाहिली, तेव्हा कणीस सरळ राहून दाणे वाढले.

आता त्या चाळीस-साठ टक्क्यांबद्दल. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा डीआरईबी१सी या जनुकाची असेल. २०२२ साली चीनमधल्या एका गटाने हे जनुक भातात जादा चालवलं आणि शेतातल्या वाफ्यांत ४१.३ ते ६८.३ टक्के वाढ नोंदवली. पीक लवकरही निसवलं, नत्रही चांगलं घेतलं. जनुक खरंच रंजक आहे, त्याच्यामागची कार्यपद्धती नीट मांडलेली आहे. पण ही वाढ निप्पोनबारे या वाणाच्या तुलनेत आहे. निप्पोनबारे हा जुना जपानी भात, प्रयोगशाळांच्या सोयीचा, सगळ्यात जास्त पिकणारा नव्हे. ज्याला सुधारायला बरीच जागा आहे त्याला सुधारणं सोपं असतं. शेतकऱ्याच्या शेतात आज जो सर्वोत्तम वाण आहे त्यात ते जनुक घालून पाच टक्के मिळाले, तर ती बातमी मला जास्त मोठी वाटेल.

हे केवळ माझं मत नाही. २०२३ साली पैदासकार आणि जनुकशास्त्रज्ञांच्या एका गटाने 'नेचर'मध्ये हाच मुद्दा मांडला: उत्पादनाचा दावा करायचा तर एका झाडाच्या वजनावर करू नका, क्षेत्रावर करा, पुरेशा ठिकाणी आणि पुरेशी वर्षं करा, चालू वाणांशी तुलना करा. त्याच्या आधी कोर्टेव्हा या बियाणं कंपनीच्या शास्त्रज्ञांनी आपल्या सुमारे अठरा वर्षांच्या मक्यावरच्या कामाचा हिशेब प्रसिद्ध केला होता. त्यांनी सुमारे १,६७१ जनुकं शेतात तपासली आणि त्यांतली २२ खात्रीची निघाली. शंभरातलं एक. हा आकडा मी नवीन मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

त्याच कंपनीचं झेडएमएम२८ या मक्याच्या स्वतःच्याच जनुकाचं काम २०१९ साली आलं. प्रमोटर बदलून ते थोडं लवकर आणि थोडं जास्त काळ चालवलं. वाढ मिळाली तीन ते पाच टक्के. बातमी म्हणून हा आकडा कुणी छापणार नाही. पण ती वाढ अनेक संकरित वाणांत, अनेक ठिकाणी, चार वर्षं दिसत राहिली. मला विचाराल तर या क्षेत्रातला मला सर्वांत विश्वासाचा वाटणारा आकडा हाच.

भारतातलं काम या पार्श्वभूमीवर पाहा. ४ मे २०२५ रोजी भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा डीआरआर धान १०० म्हणजे कमला आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचा पुसा डीएसटी राईस १. कमला हा सांबा मसुरीचा, म्हणजे बीपीटी ५२०४चा सुधारलेला अवतार. त्यात बदललेलं जनुक कोणतं? वर सांगितलेलं सीकेएक्स२. परिषदेचा दावा सांबा मसुरीपेक्षा १९ टक्के जास्त उत्पादन आणि सुमारे वीस दिवस आधी तयार होण्याचा आहे. पुसाचा वाण एमटीयू १०१० पासून केलेला, त्यात डीएसटी हे जनुक निकामी केलं आहे. डीएसटी पानावरच्या रंध्रांची संख्या आणि उघडझाप यांत भाग घेतं, म्हणून क्षारपड जमिनीसाठी त्याची निवड झाली.

वरकरणी ही दोन वेगळी कामं आहेत. पण डीएसटी हे स्वतः एक नियामक प्रथिन आहे आणि ते ज्यांचा जोर वाढवतं त्यांत सीकेएक्स२ही आहे. म्हणजे दोन्ही वाण एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत: एकात विकरालाच हात घातला, दुसऱ्यात त्याला चालवणाऱ्याला. तोंडी परीक्षेत हे विचारलं तर सांगता यायला हवं.

या वाणांच्या चाचण्यांच्या आकड्यांवर आक्षेप घेतले गेले आहेत आणि परिषदेने ते नाकारले आहेत. मी कुणाच्या बाजूने बोलत नाही, पण ज्या निकषावर मी स्वतःची लाइन नापास केली तोच इथेही लावेन: ठिकाणनिहाय, वर्षनिहाय सगळे आकडे उघड हवेत, चांगले आले तेही आणि वाईट आले तेही. जनुक चांगलं असेल तर त्याला याने काहीच धोका नाही.

कायद्याचं थोडक्यात. ३० मार्च २०२२च्या आदेशाने केंद्र सरकारने ज्या संपादित झाडांत बाहेरचा डीएनए उरलेला नाही अशा पहिल्या दोन प्रकारांना (एसडीएन-१ आणि एसडीएन-२) जीएम पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. प्रमोटरमधली छोटी काटछाट यात बसते. म्हणून आज तुमच्यासारख्या विद्यार्थ्याला हे काम करणं आधीपेक्षा सोपं झालं आहे.

आणि आता ज्वारी.

हुरड्याच्या दिवसांत घरच्या शेतातलं एक कणीस घ्या. त्याची एक बारीक फांदी तोडा आणि भिंगाखाली धरा. कणिशकं जोडीने बसलेली दिसतील. एक बिनदेठाचं, गुबगुबीत, ज्याच्या बोंडातून हिरवा दाणा डोकावतो. त्याला खेटून दुसरं, बारीक देठावर, चपटं, कागदासारखं. फांदीच्या टोकाला तीन असतात: एक बिनदेठाचं आणि दोन देठाची. देठाचं कणिशक दाणा धरत नाही. आपण हुरडा चोळतो तेव्हा तळहातावरून जो फुंकून टाकतो त्या तुसात हीही असतात. म्हणजे ज्वारीच्या कणसात दाण्यासाठी केलेल्या जागांतल्या निम्म्याहून जास्त दर वर्षी रिकाम्या जातात.

त्या रिकाम्या का राहतात? २०१८ साली अमेरिकेतल्या एका गटाने याचं उत्तर दिलं. ज्वारीत एमएसडी१ नावाचं एक नियामक जनुक आहे. ते देठाच्या कणिशकात जास्मोनिक आम्ल वाढवतं आणि त्यामुळे तिथली फुलाची वाढ थांबते. एमएसडी१ बिघडलेल्या झाडात देठाचं कणिशकही दाणा धरतं. त्या झाडाला बाहेरून जास्मोनेट दिलं तर ते पुन्हा रिकामं राहतं, म्हणून कारण पक्कं झालं. बार्लीतही अशीच गोष्ट आहे: दोन ओळींच्या बार्लीत व्हीआरएस१ हे जनुक बाजूची कणिशकं दाबून ठेवतं, ते निकामी झालं की सहा ओळींची बार्ली होते.

पहिल्यांदा हे वाचल्यावर तुमच्या मनात जे येईल तेच माझ्याही मनात आलं: शाळूच्या मालदांडी वाणात एवढं एक जनुक बंद केलं की झालं. पण थांबा. एमएसडी१ बिघडलेल्या झाडांचे दाणे संख्येने खूप जास्त असतात आणि आकाराने लहान. सहा ओळींच्या बार्लीचेही दाणे दोन ओळींच्या बार्लीपेक्षा बारीक असतात आणि दोन ओळींची बार्ली उत्पादनात मागे पडलेली नाही. शिवाय शाळूची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही पेरता तेव्हा पाऊस संपत आलेला असतो. पुढचे चार महिने पीक काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगतं. दाणा भरायची वेळ येते तेव्हा जमीन भेगाळलेली असते. तिथे दाण्याच्या जागा कमी पडत नाहीत, त्या भरायला पाणी कमी पडतं. आणि लहान, फिकट दाण्याच्या ज्वारीला मंगळवेढ्याच्या बाजारात मालदांडीचा भाव कोण देणार? टपोरा, मोत्यासारखा दाणा ही या वाणाची ओळखच आहे.

म्हणून शाळूत नियमनाचं काम दुसऱ्या टोकाकडून सुरू व्हायला हवं. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू बोरेल आणि सहकाऱ्यांनी हिरव्या राहणाऱ्या ज्वारीवर बरीच वर्षं काम केलं. त्या गुणाचं मूळ इथिओपियातल्या ज्वारीत आहे, ती मालदांडीसारखीच दुर्रा वंशाची. हिरवं राहणं म्हणजे दाणे भरताना पानं न वाळणं. पण कारण पानात नाही, आधीच्या दिवसांत आहे: ही झाडं सुरुवातीला फुटवे कमी टाकतात, पानांचा पसारा आवरतात, म्हणून फुलोऱ्यापर्यंत पाणी कमी पितात आणि वाचलेलं पाणी दाण्याच्या वेळी मिळतं. ज्या झाडाला शेवटी पाणी मिळत नाही ते ताटातली साखर उपसून दाण्याला देतं, ताट पोकळ होतं, बुरशी शिरते आणि खडखड्या येऊन पीक आडवं होतं. तुमच्या घरच्यांना खडखड्या माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

या गुणाशी जोडलेली जनुकं ऑक्सिन या संप्रेरकाची ने-आण करणाऱ्या पिन कुटुंबातली असावीत, असं बोरेल यांच्या गटाचं काम सुचवतं. तेव्हा प्रश्न पुन्हा कुठे, केव्हा आणि किती असाच उरतो. तसं नियमन साधता आलं तर दाण्यांची संख्या न वाढवताही धान्य वाढेल.

मात्र एक सावधगिरी. पटनचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत हे हिरवेपणाचे जनुकीय पट्टे एस-३५ आणि आर-१६ या दोन वेगळ्या वाणांत घालून पाहिले, तेव्हा त्यांचा परिणाम दोन्हीकडे सारखा आला नाही. मुळांनी पाणी उपसणं, पाण्याचा काटकसरीने वापर, दाणा, सगळंच वाणागणिक बदललं. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या कामात मिळालेला निकाल मालदांडीत मिळेल असं धरून चालू नका. तो मालदांडीतच पाहावा लागेल. आणि तिथेच अडचण आहे, कारण ज्वारी ऊतिसंवर्धनात हट्टी पीक आहे. एका पेशीतून पूर्ण झाड उभं करणं भातात जितकं सोपं, तितकं ज्वारीत नाही. अलीकडे वुशेल आणि बेबी बूम या वाढीच्या जनुकांच्या मदतीने मार्ग पुष्कळ मोकळा झाला आहे. पण आपल्या रब्बीच्या वाणांसाठी ही पद्धत बसवणं हे काम कुणाला तरी इथेच करावं लागेल. ते कष्टाचं आहे, त्यात लवकर नाव होत नाही, आणि त्याशिवाय बाकीचं सगळं कागदावर राहील.

आणखी एक गोष्ट, जी भाताच्या शास्त्रज्ञांना सांगावी लागते आणि तुम्हाला नाही. गव्हा-भातात ठेंगणेपणाने क्रांती केली, शाळूत ती तशी चालणार नाही, कारण कडबा. दुष्काळी सालात कडब्याचे पैसे धान्याला गाठतात. दाणा वाढला आणि ताट आखूड किंवा रुक्ष झालं, तर शेतकरी तो वाण एकदा पेरेल आणि सोडून देईल. म्हणून शाळूवरच्या प्रयोगात कडब्याचं वजन आणि जनावरांनी तो खाल्ला की नाही, हे दोन रकाने मी नेहमी ठेवायला लावतो.

पुढच्या शिक्षणाला जाणार असाल तर क्रिस्पर शिकाच. पण या रब्बीत, घरच्या शेतात, एक काम आधी करा. मालदांडीचा एक तुकडा आणि फुले वसुधासारख्या सुधारित वाणाचा एक तुकडा, शेजारी शेजारी, सारख्या ओलीच्या जमिनीत. फुलोऱ्याच्या दिवशी दोन्हींतल्या दहा-दहा झाडांची हिरवी पानं मोजून तारखेसह लिहा, मग दर आठवड्याला तीच झाडं मोजत जा, कापणीपर्यंत. शेवटी कणसाचं वजन, हजार दाण्यांचं वजन आणि वाळलेल्या ताटाचं वजन. कोणतं झाड शेवटी किती पानं हिरवी ठेवून दाणा भरतं हे एकदा स्वतःच्या वहीत उतरलं, की कोणत्या जनुकाचा लगाम कधी ओढायचा हा प्रश्न तुम्हाला पुस्तकातून शोधावा लागणार नाही. झाडांना दोरा बांधून खूण करा. आणि ती आतल्या ओळींतली घ्या, कडेची नको.